घरच्या टाकीतले श्रिंप: सारखे विचारले जाणारे प्रश्न

घरी कोणी आलं की आधी टाकीकडे बघून म्हणतात, "अरे, यात मासे कुठायत?" मग दोन मिनिटांनी नाक काचेला टेकवून बसतात आणि चहा गार होतो. त्यानंतरचे प्रश्न मात्र ठरलेले असतात, प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलोय म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी पुण्यात राहतो, टाकीत महापालिकेच्या नळाचंच पाणी आहे, त्यामुळे तुमच्या गावच्या पाण्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे करून घ्या.

श्रिंप म्हणजे कोळंबीच ना? खायच्या असतात का?

जातकुळी तीच, पण पूर्ण वाढलेली मादीसुद्धा जेमतेम इंचभर, त्यामुळे खायचा विचार सोडा. माझी आत्या मालवणहून आली होती ती टाकीत बघून म्हणाली, "हा तर जवळा! एवढ्याशा जवळ्याला दिवा काय नि पंखा काय!" तेव्हापासून आमच्या घरात टाकीला जवळाच म्हणतात. या गोड्या पाण्यातल्या बुटक्या कोळंब्या, मूळच्या चीन-तैवानकडच्या, शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. आरमाँ दाव्हिद नावाचा एक फ्रेंच पाद्री चीनमध्ये प्राणी-वनस्पती गोळा करत फिरला होता, त्याच्यावरून ते नाव पडलंय. मूळ रंग मातकट आणि अर्धपारदर्शक, ओढ्यात समोर असली तरी दिसणार नाही असा. लाल, पिवळी, निळी ही सगळी माणसांनी निवडून निवडून तयार केलेली.

पहिल्यांदा ठेवतोय, कोणती घेऊ?

लाल चेरी, म्हणजे वरच्याच जातीची लाल. विषय संपला. पिवळी किंवा निळी आवडत असेल तर तीही चालेल कारण जात तीच आहे.

ते लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे क्रिस्टल रेड बघून भुलू नका. ते कॅरिडिना या वेगळ्या गटातले, जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांनी नव्वदच्या दशकात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या 'बी' (bee, मधमाशी) श्रिंपमधल्या एका लाल निघालेल्यापासून वाढवलेले. त्यांना थंड, मऊ आणि आम्लधर्मी पाणी लागतं, म्हणजे आरओचं पाणी, त्यात मोजून मिनरल, खाली पीएच खाली ठेवणारी खास माती, आणि टेम्परेचर वीस ते तेवीसच्या आसपास. आपल्याकडे एप्रिलमध्ये तेवीस म्हणजे पाणी गार करणारा चिलर आला, चिलर म्हणजे बायकोशी बोलणी आली. अमानो श्रिंप मिळाले तर जरूर घ्या, शेवाळ खाण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, ताकाशी अमानो या टाकीत झाडं-दगडांचे देखावे रचणाऱ्या जपानी अ‍ॅक्वास्केपरने ते या छंदात आणले म्हणून ते नाव. पण त्यांची पिल्लं घरात होत नाहीत असंच समजा, अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं आणि मग परत गोड्यात आणायचं, तो वेगळाच उद्योग आहे.

टाकी केवढी पाहिजे?

दीड बाय एक बाय एक फुटाची घ्या, चाळीसेक लिटर पाणी बसतं. एक फुटाच्या क्यूबमध्येही होतात पण पाणी जितकं कमी तितकी चूक लवकर अंगाशी येते, त्यामुळे "आधी छोट्या बाऊलमध्ये करून बघतो मग मोठी घेतो" हा हिशोब इथे उलटा आहे. फिल्टर स्पंजचा, एअर पंपावर चालणारा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बेस्ट, कारण पिल्लं त्यात खेचली जात नाहीत आणि स्पंजवर बसून दिवसभर चरतात. पॉवर फिल्टर आधीच घेतला असेल तर तोंडाला स्पंज लावा किंवा जुन्या स्टॉकिंगचा तुकडा बांधा. खाली साधी काळी रेती, वर मूठभर जावा मॉस, म्हणजे शेवाळासारखी दिसणारी पाणवनस्पती. मॉस हवंच हवं, बाकी सजावट तुमची हौस.

टाकी भरली, फिल्टर चालू केला, आज संध्याकाळी आणू का?

नाही. निदान महिनाभर नाही, दीड महिना थांबलात तर आणखी बरं. श्रिंपच्या विष्ठेतून, सडलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो खाऊन त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया स्पंजमध्ये वसायला तेवढा वेळ लागतो. रिकाम्या टाकीत दोन दिवसाआड चिमूटभर फिशफूड टाकत राहा, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवायला लागले की मग बघू. दुसरं म्हणजे काचेवर, लाकडावर, पानांवर एक बुळबुळीत थर चढतो, बायोफिल्म म्हणतात, श्रिंपचं खरं जेवण ते आहे आणि नव्या चकचकीत टाकीत ते नसतंच. टाकी थोडी कळकट दिसायला लागली की समजा आता घर राहण्यालायक झालं.

नळाचं पाणी चालतं का?

चालतं, पण दोन गोष्टी बघा.

पहिली क्लोरीन. बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं, वर एअर पंपाचा दगड सोडला की बराचसा उडून जातो, पण पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि नळालाच ब्लीचिंगचा वास मारतो तेव्हा त्या भरवशावर राहू नका, दुकानात अँटीक्लोरीनचे थेंब मिळतात ते टाका. पाण्यात क्लोरामिन असेल तर ते नुसतं उभं ठेवून जातच नाही, तेव्हा थेंब टाकलेले बरे.

दुसरी गोष्ट खनिजं, आणि ही कोणी सांगत नाही. श्रिंपच्या कवचाला कॅल्शियम लागतं. पुण्या-मुंबईचं धरणाचं पाणी मऊ असतं, प्यायला छान, डाळ पटकन शिजते, पण श्रिंपला कमी पडतं. माझ्या नळाचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, नव्वदच्या आसपास येतो. तो पेनासारखा मीटर आरओवाल्याकडे असतो तोच, दोन-तीनशे रुपयांत मिळतो, घेऊन टाका. चेरीला टीडीएस दीडशे ते अडीचशे, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा कडकपणा) सहा ते आठ, पीएच साडेसहा ते पावणेआठ असं कुठेही चालतं. जीएच वाढवायला मी समुद्रफेसाचा तुकडा टाकतो, लव्हबर्डच्या पिंजऱ्यात लावतात ना तोच, पक्ष्यांच्या दुकानात मिळतो, आधी दोन दिवस तरंगतो मग बुडतो, हळूहळू विरघळत राहतो.

बोअरचं पाणी असेल तर उलटं, टीडीएस सहाशे-आठशे सहज असतो, तिथे आरओचं पाणी मिसळून खाली आणावं लागतं.

मग नुसतं आरओचंच पाणी टाकलं तर? ते तर सगळ्यात शुद्ध.

शुद्ध म्हणूनच नको. त्यात काही उरलेलंच नसतं, कवच कशाचं करणार? आटलेलं पाणी भरून काढायला मात्र आरओचंच वापरा, कारण वाफ होऊन पाणी जातं, खनिजं मागेच राहतात, वरून परत नळाचं टाकत गेलात तर टीडीएस महिन्या-महिन्याला चढत जातो आणि आपल्याला कळतही नाही.

दुकानातून आणल्यावर कशा सोडायच्या?

हळू. कंटाळा येईल इतकं हळू. माझी पहिली बॅच वीसची होती, पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवली, कात्री लावली, ओतल्या, सकाळी मोजल्या तर अकरा. दुकानदाराच्या नावाने दोन दिवस बोटं मोडली पण चूक माझीच होती, त्याच्या टाकीतलं पाणी वेगळं, माझं वेगळं.

आता पिशवी एका डब्यात ओततो, टाकीतून एअरची बारीक नळी सोडतो, नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील इतकी आवळतो, दीड-दोन तास. डब्यातलं पाणी तिप्पट-चौपट झालं की जाळीने श्रिंप उचलून टाकीत, दुकानाचं पाणी बेसिनमध्ये. पहिल्या दिवशी लाल श्रिंप एकदम फिकट होऊन कोपऱ्यात बसतात, घाबरलेल्या असतात, रंग येतो परत. निदान दहा-बारा एकदम आणा, म्हणजे त्यात नर-मादी दोन्ही निघतातच. मे महिन्यात कुरिअरने मागवू नका एवढं ऐका.

खायला काय आणि किती?

किती याचं उत्तर आधी, कारण जास्त करून टाक्या याच्यामुळेच जातात. वीस-पंचवीस श्रिंपना आठवड्यातून दोन-तीनदा, दोन तासात संपेल इतकंच. दोन तासांनी उरलं तर काढा. त्या दिवसभर चरतच असतात, आपण टाकतो ते वरचं.

काय म्हणाल तर पालकाचं एक पान उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून, दुधीची पातळ चकती, काकडी, दोडका. श्रिंपच्या गोळ्या मिळतात त्याही ठीक. शेवग्याचा वाळलेला पाला छान चालतो. आणि देशी बदामाची पानं! मुंबईत रस्तोरस्ती ते झाड आहे, लाल होऊन गळलेलं वाळकं पान घ्या, फवारणी होत नसेल अशा जागेचं, धुऊन उकळून टाका, दोन-तीन आठवड्यांत नुसत्या शिरांची जाळी उरते. दुधीची चकती टाकली की बघत बसा, आधी एक येते, शिंगं फिरवते, मग कुठून कळतं देव जाणे, पाच मिनिटांत सगळी चकती लाल होते आणि एखादी कंजूष स्वतःएवढाच मोठा तुकडा तोडून एकटी घेऊन पळत असते.

मंडईतली पालेभाजी मात्र दहा वेळा धुवा, शक्य असेल तर कुंडीतली घ्या. औषध फवारलेलं एक पान पुरतं. आणि कडुलिंबाचं पान "जंतुनाशक आहे" म्हणून टाकू नका, किड्यांची कात अडकवणारं द्रव्य असतं त्यात, आणि श्रिंप त्या किड्यांच्याच भावकीतल्या.

एक श्रिंप मेलेली दिसतेय, पांढरी, पोकळ.

ती कात आहे. मोठ्या श्रिंप तीन-चार आठवड्यांनी कात टाकतात, पिल्लं तर आठवड्याला. मान आणि पाठ याच्या मधून फट पडते, एक झटका देऊन अख्खी बाहेर, मिशा-पायांसकट पारदर्शक बाहुली मागे राहते. काढू नका, त्या स्वतःच खातात, कॅल्शियम परत मिळतं. मेलेली श्रिंप ओळखायची तर ती उकडल्यासारखी गुलाबी-नारिंगी आणि अपारदर्शक होते, ती मात्र काढा.

मानेभोवती पांढरी रिंग दिसतेय असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, पाणी कधी बदललंस आणि किती? बहुतेक वेळा उत्तर "परवा, अर्धं". कात अडकलीय, अशी श्रिंप सहसा वाचत नाही. खनिजं कमी पडणं किंवा एकदम खूप पाणी बदलल्याने कात अवेळी सुटणं, ही कारणं. आठवड्याला नाहीतर पंधरा दिवसांनी दहा-पंधरा टक्के पाणी, टाकीच्याच टेम्परेचरचं, हळू ओता. डिसेंबरात पहाटेचं नळाचं गार पाणी थेट ओतलं तर काय होतं ते मी करून बघितलंय, तुम्ही नका बघू.

अंडी, पिल्लं यासाठी काय करावं लागतं?

काही नाही. खरंच काही नाही. पाणी बरं असेल आणि तुम्ही सारखा हात घालत नसाल तर होतातच.

मादी नरापेक्षा मोठी, रंग गडद, पोटाची कड खाली गोल आलेली. नर बारीक, फिकट, सडपातळ. मादी वयात आली की डोक्याच्या मागे पाठीवर पिवळट-हिरवट डाग दिसतो, घोड्यावरच्या खोगिरासारखा म्हणून सॅडल म्हणतात, ती आत तयार होणारी अंडी. मग ती कात टाकते आणि पाण्यात कसलासा वास सोडते, आणि टाकीतले झाडून सगळे नर वेड्यासारखे इकडून तिकडे पोहायला लागतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पाण्यात विष पडलं, फोन लावत सुटलो. वरात होती ती.

दुसऱ्या दिवशी अंडी पाठीवरून पोटाखाली आलेली दिसतात. वीस-तीस, गाबोळीसारखी घट्ट घोसात, पण प्रत्येक दाणा वेगळा दिसेल इतकी मोठी. मादी पोटाखालचे छोटे पाय पंख्यासारखे हलवत राहते, अंड्यांना हवा मिळावी, बुरशी धरू नये म्हणून, मधेच एखादं अंडं पायाने उचलून पुसल्यासारखं करते आणि परत जागेवर ठेवते. हे तीन ते चार आठवडे, पाणी उबदार असेल तर लवकर. शेवटच्या दिवसांत भिंगातून बघा, प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके, डोळे आलेले.

पिल्लं बाहेर पडतात ती थेट आईबापांची झेरॉक्स, दोन मिलिमीटरची, अळी-बिळी काही भानगड नाही. दोन-तीन आठवडे दिसणारसुद्धा नाहीत, मॉसमध्ये असतात. तुम्ही म्हणाल एकही वाचलं नाही, आणि एका रात्री टॉर्च मारला की काचभर ठिपके. पहिलटकरीण मादी बऱ्याचदा अंडी टाकून देते, पुढच्या वेळी नीट होतं. मादीला वेगळ्या डब्यात ठेवू नका, त्या धावपळीतच अंडी पडतात. तीनेक महिन्यांत ही पिल्लंच अंड्यावर येतात, मग मोजायचं सोडून द्या.

लाल, निळ्या, पिवळ्या एकत्र ठेवल्या तर रंगीबेरंगी पिल्लं होतील ना?

मातकट होतील. सगळी एकच जात, बिनधास्त एकमेकांत मिसळतात आणि दोन-तीन पिढ्यांत मूळचा तपकिरी रंग वर येतो. एका टाकीत एक रंग. त्यातही फिकट निघालेल्या वेगळ्या काढत राहिलात तरच लाल लाल राहतो.

उन्हाळ्याचं काय?

हा आपल्याकडचा खरा प्रश्न, परदेशी व्हिडिओवाले हीटर घ्या म्हणून सांगतात, हसू येतं. चेरीला वीस ते सव्वीस आवडतं, तीसपर्यंत सोसते, त्याच्यावर गेलं की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि त्या पृष्ठभागाजवळ येऊन बसतात. झाकण काढून जाळी लावा, छोटा टेबलफॅन किंवा कॉम्प्युटरचा पंखा पाण्यावर वारा येईल असा लावा. माठाचंच तंत्र, पाणी आटतं आणि गार होतं, दोन-तीन डिग्री सहज उतरतं. पुणे, नगर, विदर्भ इथल्या कोरड्या हवेत मस्त चालतं. कोकणात आणि मुंबईत हवाच दमट, तिथे पंख्याचा उपयोग कमी, टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत खाली ठेवा. बर्फ टाकू नका, एकदम चढउतार हा गरमीपेक्षा वाईट. दिव्याचे तासही कमी करा, सहा पुरे.

मासे सोबत ठेवू का?

गप्पीसुद्धा पिल्लं गिळतो. तोंडात मावेल ते माशाचं अन्न, सरळ नियम. ऑटोसिंक्लस नावाचा छोटा शेवाळखाऊ मासा तेवढा भरवशाचा. गोगलगायी चालतात.

काचेवर पांढरे बारीक किडे आलेत.

सरळ सरपटणारा, त्रिकोणी डोक्याचा चपटा असेल तर प्लॅनेरिया, पिल्लांना आणि कात टाकलेल्या मऊ श्रिंपना खातो. जास्त खाऊ घातल्याची पावती समजा, आधी ते कमी करा. यावरच्या एका औषधाचा मुख्य घटक सुपारीचा अर्क आहे, पण म्हणून घरची सुपारी कातरून टाकू नका, प्रमाण चुकेल, आणि त्या औषधाने काही गोगलगायीही मरतात. खरी भीती चतुर किंवा टाचणीच्या (चतुराची बारीक बहीण) अळीची, नव्या झाडांबरोबर अंडी येतात, महिन्याभराने श्रिंप रोज एक-एक कमी व्हायला लागतात. नवी झाडं आठवडा-दोन आठवडे बादलीत ठेवून मगच टाकीत.

सगळं नीट होतं, एका रात्रीत सगळ्या मेल्या. का?

विष. घरात पेस्ट कंट्रोल झालं का, डासांचं मशीन टाकीजवळ लावलं का, फरशी पुसायला काही फवारलं का ते आठवा. कीटकनाशकाला झुरळ आणि कोळंबी यात फरक कळत नाही, आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात घालतो. आमच्या सोसायटीत एका शनिवारी जिन्यात फवारणी झाली, मी घरी नव्हतो, आलो तेव्हा साठेक श्रिंप गुलाबी होऊन पडल्या होत्या आणि गोगलगायी निवांत फिरत होत्या. आता नोटीस लागली की पंप बंद, टाकीवर ओला टॉवेल, दारं-खिडक्या बंद, आणि चार-पाच तासांनी आधी खोली मोकळी करून मग पंप चालू.

दुसरं तांबं. हंड्यातलं पाणी, बंबाचं पाणी, गीझरचं पाणी टाकीत नको. मोरचूद माहिती असेल, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात असतो तो, तेच तांबं माशांच्या बऱ्याच औषधांत असतं, माशाला बरं करतं आणि श्रिंपला मारतं. बाटलीवर बारीक अक्षरात कॉपर लिहिलेलं असतं, वाचा. झाडांच्या खतात असतं ते अगदी नगण्य, सांगितलेल्या डोसात चालतं.

लाईट गेली तर? गावाला गेलो तर?

चार-सहा तासांनी काही होत नाही, श्रिंप कमी असतील तर जास्तही निघतं. भारनियमनवाल्या भागात बॅटरीचा एअर पंप ठेवा. गावाला दहा दिवस गेलात तर काही टाकायची गरज नाही, बदामाचं एक पान टाका आणि जा. शेजाऱ्यांना चावी द्या पण खाण्याचा डबा कपाटात लपवा. आमच्या शेजारच्या काकांनी दिवाळीत "बिचारी उपाशी असतील" म्हणून मूठभर टाकलं होतं, आम्ही परत आलो तर पाणी दुधासारखं.

ओढ्यातल्या पकडून आणल्या तर?

सह्याद्रीच्या ओढ्यांत कॅरिडिनाच्या आपल्या जाती आहेत खऱ्या, पण हाताला लागतात त्यातल्या बऱ्याच मॅक्रोब्रॅकियम या मोठ्या कोळंबीची पोरं असतात, लांब हात, पुढे चिमटे, मोठी झाली की चेरी खाऊन टाकतात. ओढ्यातल्या ओढ्यातच बऱ्या.

आता शेकड्याने झाल्यात, काय करू?

नदी-नाल्यात, तलावात सोडायच्या नाहीत, गणपतीच्या हौदातही नाही. परक्या जाती आहेत, जर्मनीत उबदार पाण्याच्या ओढ्यात या चेरी सोडलेल्यांपासून वस्ती करून राहिल्यात. ओळखीत वाटा, एखादा दुकानदार झाडं किंवा खाण्याच्या बदल्यात घेतो. पिशवीत एक तृतीयांश टाकीचंच पाणी, बाकी हवा, आणि मॉसचा छोटा गोळा, त्याला धरून बसल्या की प्रवासात आपटत नाहीत. आदल्या दिवशी खायला घालायचं नाही. आणि घेणाऱ्याला आधी विचारायचं, टाकी कधी भरलीस? "काल" म्हणाला तर मॉस द्यायचं आणि श्रिंपसाठी पुढच्या महिन्यात बोलवायचं.